फोम, मफ आणि फिल्टर : आवाज सहन न होणाऱ्या कानांसाठी वर्षभराची पारख

गेल्या वर्षभरात मी आवाज कमी करणाऱ्या तीन वस्तू विकत घेतल्या : पिळून कानात घालायचे फोमचे प्लग, कारखान्यातील कामगार लावतात तसे कानांवर बसणारे मफ, आणि आत बारीक फिल्टर असलेले सिलिकॉनचे प्लग. तिन्हींवर मिळून साडेतीन हजार रुपयांच्या आसपास खर्च झाला. फिल्टरचे प्लग मी रोज वापरते, मफ आठवड्यातून दोन-तीनदा कपाटातून निघतात आणि फोमचे प्लग आता लग्नसराईच्या रात्रींपुरते उशाशी असतात. भांड्यांचा, कुकरच्या शिट्टीचा, हॉर्नचा आवाज ज्यांना इतरांपेक्षा फार जास्त लागतो, त्यांनी यातले काय घ्यावे आणि घेतल्यावर ते किती वेळ कानात ठेवावे, हे सांगण्यासाठी मी लिहीत आहे. यातला दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

मी नागपुरात इतवारीतील एका बँकशाखेत कॅश काउंटरवर बसते आणि प्रतापनगरला राहते. अर्धशिशीचा त्रास मला वीस वर्षांपासून आहे. डोके दुखत असताना आवाज नकोसा होणे हे त्या दुखण्याचेच एक लक्षण असल्याने ते मी कधी वेगळे काही मानले नव्हते. दोन वर्षांपूर्वी मात्र डोके दुखत नसतानाही आवाज लागू लागला. ओट्यावर स्टीलचा चमचा पडला तर कानात टाचणी गेल्यासारखे होई आणि कळ जबड्यापर्यंत उतरे. शाळेतून आलेल्या मुलाने दप्तर टाकून मोठ्याने हाक मारली की मी दोन्ही हात कानांवर नेत असे, आणि तो बिचारा दारातच थबके. रामदासपेठेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले तेव्हा ऐकण्याची चाचणी अगदी निर्दोष निघाली. त्यानंतर श्रवणतज्ज्ञ बाईंनी दुसरी चाचणी घेतली, जिच्यात आवाज हळूहळू वाढवत नेऊन तो कोणत्या पातळीला असह्य होतो ते पाहतात. बहुतेक माणसांना ही सीमा १०० डेसिबलच्या आसपास लागते. मी पंचाहत्तरच्या जवळ हात वर केला. या अवस्थेला हायपरअक्युसिस म्हणतात.

हे निदान करून घेणे खरेदीच्या आधी का आवश्यक आहे, ते सांगते. काहींना मोठा आवाज चालतो, पण कोणी मचमच करत जेवले किंवा पेनाची टिकटिक केली की अंगाचा तिळपापड होतो. त्याला मिसोफोनिया म्हणतात, आणि हा शब्द मार्गारेट व पावेल यास्ट्रेबॉफ या दांपत्याने २००१ मध्ये रूढ केला. तिथे प्रश्न आवाजाच्या पातळीचा नसून विशिष्ट आवाजाचा असतो, त्यामुळे डेसिबल मोजून घेतलेला प्लग त्यांना माझ्याइतका उपयोगी पडेलच असे नाही. शिवाय चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा, डोक्याला मार, एखादा मोठा स्फोट जवळून ऐकणे, अशा कारणांनीही आवाज असह्य होऊ शकतो, आणि ती कारणे प्लगने झाकून ठेवण्यासारखी नाहीत.

पहिली खरेदी फोमची. थ्रीएम कंपनीचे ११०० क्रमांकाचे नारिंगी प्लग मी हिंगणा एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सेफ्टीचे सामान विकणाऱ्या एका दुकानातून आणले. जोडी वीस रुपयांच्या आत मिळाली. दुकानदाराने विचारले, "ताई, कंपनीत आहात का?" घरासाठी पाहिजेत म्हटल्यावर त्याने पाकीट फोडून एक प्लग स्वतःच्या कानात घालून दाखवला, आणि ते पाहिले नसते तर मी ते चुकीचेच घातले असते. प्लग बोटांच्या चिमटीत पिळून बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, सुरळी आत सरकवायची आणि फोम फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट तसेच टेकून ठेवायचे. नीट बसला की नाही हे पाहण्यासाठी दोन्ही तळवे कानांवर दाबावेत. त्याने आवाजात काही फरक पडला नाही तर प्लग बरोबर बसला आहे. काढताना पिळत सावकाश काढावा, कारण झटक्याने ओढल्यास पडद्यावर ताण येतो. कापसाचा बोळा हा याला पर्याय नाही. त्याने कान भरल्यासारखा वाटतो, आवाज जवळजवळ तेवढाच राहतो.

पाकिटावर २९ डेसिबल असे लिहिलेले असते. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. अमेरिकेतील कामगार सुरक्षेच्या हिशेबात त्यातून सात वजा करून उरलेल्याचे निम्मे धरण्याची पद्धत आहे, म्हणजे प्रत्यक्षात भरवसा ११ डेसिबलचा. हे वाचून पुष्कळांना फसवल्यासारखे वाटेल, पण १० डेसिबल उतरले की कानाला आवाज सुमारे निम्मा वाटतो, हे लक्षात घेतले तर अकरा ही लहान गोष्ट नाही. आणि नीट घातलेला फोम अकरापेक्षा बराच जास्त अडवतो, हा माझा अनुभव आहे.

रात्रीसाठी मला फोमबद्दल तक्रार नाही. आमच्या सोसायटीमागे लॉन आहे आणि डिसेंबर ते मे या काळात तिथे लग्ने असतात. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी असल्याचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे सगळे खरे; पण साडेअकराला वरातीचा बँड दाराशी आला की हातात उरतो तो प्लगच. डीजेचा ठोका मात्र फोममधूनही छातीत जाणवतो. तो हाडांतून, भिंतीतून येतो, आणि त्याला कोणताही प्लग पूर्णपणे अडवू शकत नाही.

दिवसा काउंटरवर हेच प्लग घालून बसले आणि तिसऱ्या दिवशी माझी चूक होता होता राहिली. एका व्यापारी ग्राहकाने स्लिप पुढे सरकवत साठ हजार म्हटले. मला ऐकू आले आठ हजार. स्लिपवर आकडा होता म्हणून निभावले, पण माझ्या हातून आठच हजार मोजायला सुरुवात झाली होती. घरी आल्यावर मी मुलाकडून वहीतले शब्द वाचून घेतले आणि काय होते ते समजले. फोम सगळे आवाज सारख्या प्रमाणात कमी करत नाही. उंच पट्टीतले आवाज तो जास्त गिळतो, आणि आपल्या भाषेतले स, श यांसारखे आवाज त्याच पट्टीत असतात. साठमधला स गेला की आठच उरतो. त्यात आपला स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो आहोत हे कळत नाही, मी इतक्या हळू बोलू लागले होते की काचेपलीकडचा माणूस पुन्हा पुन्हा "काय म्हटलं मॅडम?" विचारत असे. ज्यांचे काम बोलण्या-ऐकण्याचे आहे, त्यांनी फोमचे प्लग कामाच्या वेळी घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मफविषयी थोडक्यात. नऊशे रुपयांचा हा जोड त्याच दुकानातला. घालणे-काढणे क्षणाचे काम, आणि मिक्सरसाठी याहून चांगले काही नाही. नागपुरातीलच नीरी या पर्यावरण-संशोधन संस्थेने नॉइज ट्रॅकर नावाचे ॲप काढले आहे. ते फोनवर घेऊन ओट्यापाशी मोजले तेव्हा मिक्सरमध्ये चटणी वाटताना ८५ ते ८८ च्या मध्ये आकडा येत होता. फोनचे माप अंदाजाचे असते, तरी कुठला आवाज कुठल्याच्या पुढे आहे, हे त्यावरून समजते. पण चष्म्याच्या काड्या गादीखाली आल्या की फट राहते आणि तिथून आवाज आत येतो. एप्रिल-मेमध्ये, पारा पंचेचाळीसकडे जात असताना, गादीखाली घामाची धार लागते आणि पाच मिनिटांत ते फेकून द्यावेसे वाटतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहायला मुलाला घेऊन महालात गेले होते, तेव्हा ढोलताशांच्या त्या गर्दीत मफ घालून मी पंचवीस मिनिटे उभी राहिले. काळी आणि पिवळी मारबत समोरून जाताना मी तीन वर्षांनी पाहिली. त्या पंचवीस मिनिटांसाठी नऊशे रुपये मला जास्त वाटले नाहीत.

माझ्या भावाने त्याचे आवाज छाटणारे महागडे हेडफोन आठवडाभर वापरायला दिले होते. ते बाहेरच्या आवाजाच्या उलट लहर तयार करून त्याला मारतात, आणि हे सलग, खालच्या पट्टीतल्या घरघरीवर उत्तम चालते. पडलेली परात, हॉर्न, किंचाळणे अशा अचानक व उंच आवाजांवर त्यांचा उपाय तोकडा पडतो. माझा त्रास नेमका त्याच आवाजांचा असल्याने मी ते परत केले.

आता फिल्टरचे प्लग, ज्यांच्यामुळे हा मजकूर लिहावासा वाटला. ते मी ऑनलाइन मागवले, अडीच हजाराला. कंपनीचे नाव देत नाही, कारण हा प्रकार आता बऱ्याच कंपन्या काढतात आणि आतली कल्पना सारखीच आहे. मऊ सिलिकॉनच्या लहान होत जाणाऱ्या तीन छत्र्या एकावर एक, आणि मधून जाणाऱ्या बारीक नळीत एक फिल्टर. नळी बंद नसते. आवाज तिच्यातून येतो, पण सगळ्या पट्ट्यांत बऱ्याच अंशी समान उतरून येतो. जणू कोणी जगाचा आवाज दोन घरे खाली केला आहे. माझ्या जोडीच्या पाकिटावर १८ डेसिबल लिहिलेले आहेत. फोमच्या २९ पुढे हे कमी वाटते, आणि हे कमी असणे हाच त्याचा गुण आहे. साठ हा साठच ऐकू येतो. नोटा मोजण्याच्या मशीनची फडफड येते, पण ती आता कानाच्या बाहेर राहते. टोकन पुकारणाऱ्या यंत्राचा टिंग असा आवाज, जो दिवसातून दोनशे वेळा मला दचकवत असे, तो आता फक्त ऐकू येतो.

दोष आहेत. पहिल्या जोडीतल्या डाव्या प्लगचा फिल्टर दुसऱ्याच महिन्यात सैल होऊन बाहेर आला. तो रुमालात पडला म्हणून सापडला, कानात आत राहिला असता तर डॉक्टरांकडे धावावे लागले असते. बदली जोडी मिळायला तीन आठवडे आणि सात ईमेल लागले. त्या दिवसापासून मी रोज प्लग काढले की फिल्टर नखाने हलवून पाहते, आणि घेणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते. सोबत तीन आकारांची टोके येतात, पण माणसाचे दोन्ही कान सारखे असतातच असे नाही. माझ्या उजव्या कानाला मधले आणि डाव्याला लहान लागते, हे कळेपर्यंत पंधरा दिवस डाव्या कानात दुखत होते. तिसरी गोष्ट आपल्याकडच्या हवेची. ऑगस्टमध्ये दमट हवेत सहा-सात तास प्लग ठेवल्याने कानात खाज सुटली. डॉक्टरांनी बुरशीची सुरुवात असल्याचे सांगून दहा दिवस काहीही घालू दिले नाही. आता मी ते कोमट पाण्यात साध्या साबणाने धुते, पंख्याखाली पूर्ण सुकवते, आणि अंघोळीनंतर कान ओले असताना कधीच घालत नाही.

ग्राहकांना वाटे की मी गाणी ऐकत काम करते. एका काकांनी तर व्यवस्थापकांकडे तक्रारही नेली. मग मी काचेला आतून एक छोटी चिठ्ठी लावली : "मला तुमचे बोलणे ऐकू येते. कानात आहे ते आवाज कमी करणारे साधन आहे, हेडफोन नाही." तेच काका पुढच्या महिन्यात पेन्शन घ्यायला आले, चिठ्ठी वाचली, आणि आपल्या मिसेसला अशाच त्रासासाठी हे कुठे मिळेल असे विचारून गेले.

किती वेळ घालावे, याबद्दल मी सुरुवातीला चुकले. प्लग मिळाल्याच्या आनंदात मी ते सकाळी सातला घालत असे आणि रात्री झोपताना काढत असे. दीड महिन्यात असे झाले की प्लग काढल्यावर नळाची धारसुद्धा टोचू लागली. श्रवणतज्ज्ञ बाईंना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्यावर रागावल्यासारखे केले आणि मग शांतपणे समजावले. कानापर्यंत आवाज कमी पोहोचू लागला की मेंदू स्वतःच आतली पट्टी वाढवतो, जसे रेडिओ नीट ऐकू येत नसला की आपण आवाजाचे बटण फिरवतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी कानांच्या माणसांना दोन आठवडे प्लग घालायला दिले तेव्हा त्यांना आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले, आणि ज्यांच्या कानात दोन आठवडे मंद सलग खळखळ सोडली त्यांची सहनशक्ती वाढली. म्हणून बाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या : प्लग फक्त खरोखर मोठ्या आवाजापुरते, आणि शांत खोलीत बसताना बाजूला कुठलातरी मंद, एकसारखा आवाज चालू.

हे ऐकताना मला माझा कूलर आठवला. नागपुरात होळी झाली की घरोघरी कूलर उतरतात, टाकीत पाणी भरले जाते, आणि पुढचे तीन महिने घरात एक सलग घरघर असते. त्याच तीन महिन्यांत मला सगळ्यात चांगली झोप लागते आणि सकाळी भांड्यांचा त्रास कमी होतो, हे माझ्या डायरीत दोन वर्षे लिहिलेले होते, पण मी त्याचे श्रेय थंड हवेला देत होते. जूनच्या शेवटी पाऊस लागतो, कूलर बंद होतो, आणि जुलैमध्ये माझा त्रास वाढतो. हायपरअक्युसिसच्या उपचारात कानामागे लावायचे खळखळ करणारे यंत्र देतात, ते काम माझ्या घरी वाळ्याच्या ताट्या आणि लोखंडी पंखा फुकट करत होते. यंदा पाऊस सुरू झाल्यावर मी टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून ठेवला, जेणेकरून वारा अंगावर येत नाही आणि आवाज राहतो. बँकेत प्लग आता गर्दीच्या वेळी, सकाळी साडेदहा ते साधारण एक वाजेपर्यंत असतात. दुपारी काढते. घरात घालत नाही. मे महिन्यात पुन्हा चाचणी झाली आणि असह्य होण्याची सीमा ८४ वर गेली होती.

प्लगपेक्षाही आवाज जिथून निघतो तिथे हात घातला तर फरक मोठा पडतो, हे शिकायला मला नोटा मोजण्याच्या मशीनने भाग पाडले. ती पोकळ लाकडी फळीवर ठेवलेली होती आणि फळी तबल्यासारखी वाजत होती. आमच्या शिपायाने हार्डवेअरच्या दुकानातून बोटभर जाडीचा रबराचा तुकडा आणून मशीनखाली घातला. खर्च एकशे चाळीस रुपये. काउंटरवरच्या आम्हा तिघींनाही तो बदल जाणवला. घरी स्टीलच्या ताटांच्या मांडणीत जुन्या चादरीच्या घड्या घातल्या आणि खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या.

टीव्हीचा प्रश्न मात्र नाजूक होता. सासूबाईंना ऐकू कमी येते, त्यामुळे त्यांच्या मालिका पूर्ण इमारतीला ऐकू जातील इतक्या मोठ्याने लागत. मी काही बोलले तर त्यांना वाटे की सून टीव्ही पाहू देत नाही, आणि त्या बंद करून आत जाऊन बसत, जे मला आवाजापेक्षा जास्त लागे. टीव्हीला जोडायचा बिनतारी हेडफोन त्यांच्यासाठी आणला तेव्हा पहिल्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "तुले जास्त आयकू येते अन् मले कमी. देवानं वाटे बरोबर नाही केले." आता त्या हवा तेवढा आवाज ठेवतात. माझ्या प्लगांइतकाच तो हेडफोनही माझ्या कानांसाठी आहे, असे मी मानते.

शेवटी रस्त्याविषयी. गाडी चालवताना मी कोणताही प्लग घालत नाही आणि कोणीही घालू नये. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येणे हा जिवाचा प्रश्न आहे. पण प्लगशिवाय प्रतापनगर ते इतवारी हा प्रवास मला झेपत नव्हता. २०२२ च्या डिसेंबरात मेट्रोची ॲक्वा लाइन प्रजापतीनगरपर्यंत सुरू झाली. आता मी दुचाकी सुभाषनगर स्टेशनला लावते आणि गाडी न बदलता अग्रसेन चौकापर्यंत मेट्रोने जाते. डब्यात चढल्यावर फिल्टरचे प्लग घालते. स्टेशनांची नावे त्यातून स्पष्ट ऐकू येतात. अग्रसेन चौकात उतरले की जिन्याखाली थांबून ते काढते आणि डबीत ठेवते, कारण पुढचे दहा मिनिटांचे चालणे हातगाड्या आणि ऑटोंच्या मधून असते.